लीगच्या जुन्या मैदानांचा माग कसा काढायचा? (बेसबॉल-सॉफ्टबॉल, ठाणे-नवी मुंबई)

नेरूळ_डायमंड

आमच्या भागातल्या शाळा-कॉलेजांच्या आजी-माजी खेळाडूंच्या लीगचा इतिहास पुस्तिकेच्या रूपात लिहायला घेतलाय. हाताशी आहे ते असं: स्कोअरशीटच्या तीन जाड वह्या, पन्नासेक फोटो आणि मैदानभाड्याच्या काही पावत्या. बऱ्याच पानांवर मैदानाचं नाव नाही, नुसता सेक्टर नंबर आहे. लीग चार मैदानांवर फिरली. त्यातल्या एका जागी आता इमारत आहे आणि एकावर जाळी मारून टर्फ केलंय.

अडलेल्या गोष्टी चार.
१) जुन्या मैदानात डायमंड (होम आणि तीन बेस मिळून होणारा चौकोन) नेमका कुठे होता आणि किती मापाचा होता, हे आज कसं ठरवायचं?
२) सुरुवात सॉफ्टबॉलने झाली आणि नंतर बेसबॉल आला, एवढं ठाऊक आहे. पण वहीत कुठेही तसं लिहिलेलं नाही. पान बघून खेळ ओळखता येतो का?
३) एका मोसमात डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) एकदम वाढलेत आणि होम रन (चारही बेस पूर्ण करून देणारे फटके) जवळजवळ नाहीतच. खेळाडू तेच आहेत, मग असं का?
४) पुस्तिका निघेल त्या दिवशी जुन्या मापांनी एक सामना खेळवायचा आहे. मैदान महापालिकेचं, मध्ये क्रिकेटची खेळपट्टी असलेलं. आखणी कशी करावी?

सुतळी_आणि_खुंटी

पहिल्या प्रश्नापासून सुरू करा. मैदान कळलं की तिसऱ्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळेल.

संगणकावर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्या, मोबाईलवरचं नको. वरच्या पट्टीतल्या घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की त्या जागेची जुनी उपग्रह छायाचित्रं तारखेनुसार सरकवता येतात. फेब्रुवारी ते मे या महिन्यांतली निवडा. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि पायाखाली घासलेली माती उठून दिसते. पावसाळ्यात ढग तरी असतात, नाहीतर सगळं हिरवंगार असतं, डाग दिसतच नाहीत.

शोधायचं काय? होम प्लेटपाशी मोठा, गोलसर उघडा डाग पडतो, कारण बॅटर, कॅचर आणि पंच तिघेही तिथेच उभे असतात. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, जागी लहान डाग पडतो. मोजपट्टीचं साधन घेऊन दोन्हींतलं अंतर मोजा. बेसबॉल असेल तर १८.४४ मीटर, पुरुषांचं सॉफ्टबॉल १४.०२, महिलांचं १३.११. मग होमपासून पिचरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत बेस शोधा. बेसबॉलला ते २७.४३ मीटरवर असतात, सॉफ्टबॉलला १८.२९ वर.

इथे हमखास फसायला होतं. क्रिकेटच्या खेळपट्टीवरही दोन टोकांना दोन डाग असतात आणि यष्टींमधलं अंतर २०.१२ मीटर. उपग्रह चित्रात १८.४४ आणि २०.१२ यांतला फरक सहज चुकतो. म्हणून दोन डागांवर कधीच निर्णय देऊ नका. तिसरा, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या बेसचा डाग ४५ अंशांत सापडला, तरच डायमंड म्हणा. क्रिकेटचे दोन्ही डाग सारखे, लांबट आणि एकाच पट्ट्यात असतात, हीसुद्धा खूण लक्षात ठेवा.

मोजमाप बरोबर येतंय ना, हे तपासायला त्याच चित्रातलं जवळचं काँक्रीटचं बास्केटबॉल कोर्ट मोजा. बाहेरच्या रेषा २८ बाय १५ मीटर यायला हव्यात. तिथे अर्धा मीटर चूक निघाली तर डायमंडच्या मापातही तेवढी चूक धरून चाला. एकाच तारखेच्या चित्रावर विसंबू नका. दोन-तीन वर्षांच्या चित्रांत डाग त्याच जागी असेल तर तो खेळाचा. एकाच वर्षी दिसला तर मंडपाचा किंवा ट्रकचाही असू शकतो.

दिशेचाही उपयोग होतो. बेसबॉलच्या नियमावलीत होमपासून पिचरवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी अशी शिफारस आहे, म्हणजे दुपारचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. तेव्हा आधी मैदानाचा नैर्ऋत्येकडचा आणि पश्चिमेकडचा कोपरा तपासा. क्रिकेटची खेळपट्टी मात्र साधारण उत्तर-दक्षिण असते. त्यामुळे एकाच मैदानावर दोन्ही खेळ असले तर डायमंड तिला तिरका पडलेला दिसतो. शहरात फाटक, रस्ता किंवा समोरच्या खिडक्या यांमुळे ही दिशा पुष्कळदा सोडून द्यावी लागते, म्हणून त्या कोपऱ्यात काही सापडलं नाही तर बाकीचे तीनही बघा.

स्कोअरवही

दुसरा आणि तिसरा प्रश्न मी घेते.

डावांच्या संख्येवर जाऊ नका. सॉफ्टबॉल ७ डावांचा आणि बेसबॉल ९ डावांचा, हे खरं. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १५ वर्षांखालील बेसबॉलही ७ डावांचाच असतो, आणि स्थानिक लीगमध्ये उजेड संपतो म्हणून मोठ्यांचेही ७ च खेळवतात. खात्रीच्या खुणा निराळ्या. पानावर कुठेही "बॉक" (बेसवर धावपटू असताना पिचरने केलेली नियमबाह्य हालचाल) असेल तर तो बेसबॉल. "१-३" अशी पिकऑफची नोंद, म्हणजे पिचरने पहिल्या बेसवर चेंडू फेकून तिथे आधीच असलेला धावपटू बाद केला, हेही बेसबॉलचंच लक्षण. बॅटर तसा बाद झाला असेल तर तीच "१-३" दोन्ही खेळांत येते. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडताच येत नाही, मग पिचर त्याला तिथे पकडणार कसा?

फोटोंत पहिल्या बेसकडे बघा. दुहेरी बेस असेल, अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी, तर सॉफ्टबॉल. पिचरभोवती ८ फूट त्रिज्येचं वर्तुळ आणि सपाट जमीन असेल तरी सॉफ्टबॉल. उंचवटा असेल तर बेसबॉल. उंचवटा नाही म्हणून लगेच सॉफ्टबॉल मात्र ठरवू नका. भाड्याच्या मैदानावर माती टाकू देत नाहीत, त्यामुळे बेसबॉलही सपाट जमिनीवर खेळला जातो.

आता डबल. वहीतला हा बदल मैदानानेच घडवला असण्याची शक्यता फार मोठी आहे. बेसबॉलच्या नियमांप्रमाणे हवेतून कुंपणापार गेलेला फेअर (दोन फाऊल रेषांच्या आतला) चेंडू होम रन ठरतो, पण कुंपण होमपासून २५० फूट, म्हणजे ७६.२ मीटर किंवा त्याहून लांब असेल तरच. त्याहून जवळ असेल तर बॅटरला दोनच बेस मिळतात. टप्पा पडून चेंडू बाहेर गेला तरी दोनच. नवी मुंबईतल्या सेक्टरच्या मैदानात एका बाजूला ७६ मीटर मिळणं कठीण. लीग मोठ्या मैदानावरून छोट्यावर आली की तेच फटके वहीत डबल म्हणून उतरतात. नकाशावर होमपासून भिंतीपर्यंतचं अंतर तीन दिशांना मोजा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. डबल ज्या दिशेला गेले असतील त्याच बाजूला भिंत जवळ असेल, तर तुमचं उत्तर सापडलं. शीटवर फटक्याची रेषा काढलेली नसेल तर खेळाडूंचे क्रमांक बघा: ७ डावा आऊटफिल्डर, ८ मधला, ९ उजवा. चेंडू उचलणाऱ्याचा आकडा बहुतेक जण लिहून ठेवतात.

मैदान बदललं की आकडे बदलतात, हे मोठ्या पातळीवरही घडलंय. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पिचर इतके वरचढ ठरले की बॉब गिब्सन या पिचरची अर्न्ड रन सरासरी (दर ९ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) १.१२ होती. १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. पाच इंच माती कमी झाली. म्हणून पुस्तिकेत आकडेवारी मोसमवार देऊ नका, मैदानवार द्या. नाहीतर छोट्या मैदानावर खेळलेल्यांवर फार मोठा अन्याय होईल. त्यांचे होम रन भिंतीने खाल्लेले आहेत.

आकडे उतरवण्याआधी प्रत्येक पान जुळवून घ्या. एका संघाचे जेवढे बॅटर प्लेटवर आले, तेवढीच बेरीज धावा + बेसवर अडकलेले + बाद यांची यायला हवी. उदाहरणार्थ ७ डावांत २१ बाद, ५ धावा आणि ८ अडकलेले, तर प्लेटवर ३४ जण आलेले असणार. ३३ किंवा ३५ निघाले तर बहुतेक वेळा वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) लिहायचा राहिलाय, किंवा बदली खेळाडूच्या ओळीत जुन्याचाच फटका दोनदा मोजलाय. यजमान संघ आघाडीवर असेल तर शेवटचा अर्धा डाव खेळत नाही, तेव्हा त्यांचे १८ च बाद असतात. ती चूक समजून पान बाजूला टाकू नका.

फाईल_नंबर

कागदांबद्दल थोडक्यात.

सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला, आणि नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला. मैदानं सिडकोने आखली आणि टप्प्याटप्प्याने पालिकेकडे दिली. त्यामुळे जुन्या परवानगीचं पत्र सिडकोच्या शिक्क्याचं असेल आणि नंतरचं पालिकेचं. पावतीवर शिक्का कुणाचा आहे यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. खारघर, कळंबोली, कामोठे १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत, तिथला अर्ज तिकडे करा.

माहिती अधिकारात मैदानाचा भूखंड क्रमांक, सेक्टर आणि क्षेत्रफळ मागा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. "मैदानाचा इतिहास द्या" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. "अमुक सेक्टर, अमुक भूखंड, हस्तांतराच्या पत्राची प्रत आणि मंजूर नकाशाची प्रत" असं नेमकं लिहा. क्षेत्रफळ हातात आलं की गूगलवरचं माप त्याच्याशी ताडून बघा.

प्रमाणपत्रं गोळा करा. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी लोकांनी ती जपून ठेवलेली असतात. त्यांवर तारीख, ठिकाण आणि वयोगट सगळं असतं. एक ध्यानात ठेवा: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या "ठाणे जिल्हा" स्पर्धेत वसई, पालघर, डहाणू हे सगळं येतं. वाशी-बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल-खारघर रायगडमध्ये, त्यामुळे शेजारच्या दोन शाळा वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या स्पर्धांत दिसतील. स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. संस्था १८९३ ची आहे. जाताना नेमका महिना ठरवून जा, नाहीतर आठवडा पानं उलटण्यातच जाईल.

नेरूळ_डायमंड

फार मोलाचं दिलंत सगळ्यांनी. डाव्या बाजूची भिंत गूगलवर ६१ मीटर निघाली, आणि त्या मोसमातल्या डबलपुढे ७ चा आकडा सारखा दिसतोय. बहुतेक पानांवर "बॉक"ही सापडला. म्हणजे बेसबॉल आणि मैदान छोटं. आता तेवढी आखणी सांगा. आमच्याकडे ३० मीटरचा कापडी टेप आहे.

सुतळी_आणि_खुंटी

तो टेप चालणार नाही. कापड ताणलं जातं, आणि ३० मीटर मुळात अपुरं पडतं. होम ते दुसरा बेस हे अंतर ३८.७९ मीटर आहे, म्हणजे मधे जोड द्यावा लागतो आणि तिथेच रेषा वाकते. ५० मीटरचे दोन फायबर टेप आणा. सोबत लोखंडी खुंट्या, हातोडा, सुतळी आणि २५ किलोच्या दोन गोण्या फक्की. फक्की खडूच्या भुकटीची घ्या. कळीचा चुना अजिबात नको, स्लाईड मारणाऱ्याच्या गुडघ्याला आणि डोळ्यांना तो भाजतो.

आधी जागा. क्रिकेटची खेळपट्टी दुसऱ्या बेसच्या मागे, आऊटफिल्डमध्ये येईल असं होम कोपऱ्यात घ्या. खेळपट्टी इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या चौकोनात, आली तर रोलर फिरलेल्या त्या कडक जमिनीवरून ग्राउंडर (जमिनीवरून येणारा फटका) अचानक उसळतो आणि थेट तोंडावर येतो. होमच्या मागे जाळीपर्यंत १८ मीटर मोकळे सोडा. नसतील तर उंच जाळी लावा.

होमच्या मागच्या टोकाला पहिली खुंटी. तिथून खेळाच्या दिशेला ३८.७९ मीटरवर दुसरी, हा दुसरा बेस. आता एक टेप होमच्या खुंटीला आणि एक दुसऱ्या बेसच्या खुंटीला अडकवा. दोघांनी दोन्ही टेपवरची २७.४३ मीटरची खूण एकत्र आणायची. उजवीकडे जिथे जुळतील तो पहिला बेस, डावीकडे तिसरा. काटकोन वेगळा मोजायची गरजच नाही. शेवटी पहिला ते तिसरा हे अंतर मोजा, तेही ३८.७९ यायला हवं. पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टेप कुठेतरी गवतात अडकलाय, पुन्हा करा.

पिचरची प्लेट त्याच मधल्या रेषेवर, होमच्या टोकापासून तिच्या पुढच्या कडेपर्यंत १८.४४. पुष्कळ ठिकाणी ती डायमंडच्या बरोबर मध्यावर ठोकतात. मध्य येतो १९.४० वर. जवळजवळ एक मीटर मागून पिचिंग होतं, आणि पिचरला स्ट्राईक का लागत नाहीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

स्कोअरवही

एक दुरुस्ती. दुसऱ्या बेसची खुंटी हा त्या गादीचा मध्यबिंदू आहे. पहिल्या आणि तिसऱ्या बेसची गादी मात्र अख्खी चौकोनाच्या आत, खुंटी तिच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. तिन्ही एकसारख्या बसवल्या तर पहिल्या बेसची गादी फाऊल रेषेबाहेर जाते आणि पंचाला फेअर-फाऊल ठरवता येत नाही.

आणि डावीकडे ६१ मीटरवर, जुनी भिंत होती तिथे, शंकू लावून रेषा मारा. त्यापलीकडे हवेतून गेलेला चेंडू दोन बेसचा, हे नाणेफेकीआधी पंचांनी दोन्ही कर्णधारांना सांगून स्कोअरशीटच्या माथ्यावर लिहून घ्यायचं. मैदानाचं पूर्ण नाव, सेक्टर आणि तिन्ही बाजूंची अंतरंही तिथेच लिहा.

फाईल_नंबर

परवानगीच्या अर्जात "स्पाईक वापरणार नाही, रबरी स्टडचे बूट" हे आधीच घाला. नकार बहुतेक त्यावरूनच येतो. आणि तारीख जूनच्या आतली घ्या.