आई-बाबांचा ४० वर्षांचा फ्लॅट विकायचा आहे: सुरुवात कुठून?

नीरा_काठ: कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, १९८४ची सोसायटी. शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर. बाबा ७९, आई ७४. दोघे आता नाशिकला भावाकडे राहणार. करारनामा ५ रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आहे. भिंतींना ओल आहे. एजंट म्हणतो, आधी रंग लावून घ्या. क्रम काय ठेवावा? कर किती बसेल?

दस्तऐवज: रंग सगळ्यात शेवटी. आधी कागद आणि बाबांची सही.

५ रुपयांच्या कागदाची भीती नको. १० डिसेंबर १९८५ पूर्वीच्या करारनाम्यावर आजच्यासारखे खरेदीखताचे मुद्रांक शुल्क लागत नव्हते. खरा प्रश्न आहे तो करार नोंदवला होता का, हा. नोंदणीची पावती किंवा मागच्या पानावर दुय्यम निबंधकांचा शिक्का शोधा. तो नसेल तर वकिलाला आत्ताच दाखवा, कारण घेणाऱ्याची बँक नेमकी तिथे अडते आणि तोवर इसार घेऊन झालेला असतो. मूळ करारच हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, अशी वाट आहे.

पुढचे: ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (निबंधक कार्यालयातल्या जुन्या नोंदी तपासून वकील देतो तो अहवाल), मिळकतकराची शेवटची पावती, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. महापालिका हद्दीत सोसायटी हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करण्याचे पैसे, २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागू शकत नाही; 'देणगी' म्हणून मागितले तरी नाही.

करारात आईचे नाव असेल तर तिचीही सही लागेल. बाबांना जिना उतरणे जमत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करा, निबंधक कार्यालयाचे लोक घरी येऊन दस्त नोंदवतात. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे बाबांच्या वतीने सही करण्याचा अधिकार. पण ते बाबा हयात आणि समजत्या अवस्थेत असेपर्यंतच चालते. स्मृतिभ्रंशाची शंका असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. समज गेल्यावर घेतलेली सही टिकत नाही, आणि मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. त्यात सौदाही जातो आणि म्हाताऱ्या माणसांची फरफट होते.

करसल्ला_पुणे: कर नफ्यावर बसतो, म्हणजे विक्रीतून घराची किंमत वजा करून. २००१ पूर्वीच्या घराला मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ची बाजारभाव किंमत धरता येते, पण त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरचा लेखी अहवाल घ्या. सगळा हिशेब त्या आकड्यावर उभा आहे.

निवासी भारतीयांना २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर दोन रीतींपैकी कमी कर येईल ती चालते: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के. २०२५-२६चा निर्देशांक ३७६ आहे, म्हणजे २००१ची किंमत ३.७६ पट धरायची. समजा विक्री ८० लाख. २००१ची किंमत १२ लाख असेल तर निर्देशांक लावून कर सुमारे ६.९८ लाख, न लावता ८.५ लाख. तीच किंमत ८ लाख असेल तर चित्र उलटते: ९.९८ लाख विरुद्ध ९ लाख. ढोबळ खूण अशी की विक्री २००१च्या किमतीच्या सव्वाआठ पटीच्या आत असेल तर निर्देशांक फायद्याचा. यावर सेस (करावरचा उपकर) वेगळा.

बाबांचे पॅन आधारशी जोडलेले आहे का, बघा. ८० पूर्ण झालेल्यांना या जोडणीतून सूट आहे, बाबांना अजून नाही. पॅन निष्क्रिय असेल तर ५० लाख किंवा जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराला तुमच्या पैशांतून १ टक्क्याऐवजी २० टक्के कर कापावा लागतो.

कर वाचवायला नवे घर घेणार असाल तर ते विकणाऱ्याच्याच नावावर घ्या. नाशिकचा फ्लॅट भावाच्या नावावर घेतला तर सवलत वादात जाते. घर नको असेल तर सहा महिन्यांत करबचतीचे बाँड, कमाल ५० लाख, पाच वर्षे अडकतात. वय बघूनच ठरवा.

नीरा_काठ: करारावर शिक्का सापडला, आईचेही नाव आहे. आता ओल?

गिलावा: ओल कुठून येते ते आधी शोधा. बाथरूमच्या भिंतीला असेल तर नहाणीचा ट्रॅप आणि पाइपचे सांधे, बाहेरच्या भिंतीला असेल तर खिडकीच्या छज्ज्यावरची भेग. वरच्या मजल्यावरून येत असेल तर सोसायटीला लेखी पत्र द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग लावला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. सडका गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग नवा गिलावा. नवे किचन, नव्या फरशा यांत पैसे घालू नका. घेणारा ते तोडतोच.

माळा रिकामा करताना रद्दीवाल्याला आधी बोलावू नका. पोथ्या, जुन्या डायऱ्या, ट्रंकेतल्या साड्यांच्या घड्यांमध्ये एफडीच्या पावत्या, कागदी शेअर, विम्याची कागदे असतात. आणि एकेक वस्तू आईला विचारूनच हलवा. देव्हारा सगळ्यात शेवटी, तिच्या हातून. दोघांना नाशिकला स्थिर करून मगच घर दाखवायला काढा. रोज अनोळखी माणसे बेडरूममध्ये डोकावणे त्यांना सोसत नाही.

दस्तऐवज: एक राहिले. इसार रोखीत घेऊ नका, २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि किल्ली पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच.