हॅलोविनचा भोपळा घरी कोरायचाय, कधी आणि कसा?

रानजाई:
न्यू जर्सीत आमचा पहिलाच ऑक्टोबर. लेकीच्या वर्गातल्या सगळ्यांच्या दारात म्हणे कोरलेले भोपळे असतात त्यामुळे आपल्याकडेही हवाच असा हट्ट चाललाय. फार्मवरून चांगला मोठा भोपळा आणलाय, तो ओट्यावर जागा अडवून बसलाय. आत्ताच कोरला तर ३१ पर्यंत टिकेल का? घरातल्या सुरीने होतं की सेट घ्यावाच लागतो? मेणबत्ती लावायची का लाइट? लेक ६ वर्षांची आहे, तिला काय करू देता येईल? सासूबाई आल्यात, त्यांचं म्हणणं बाईमाणसाने अख्खा भोपळा चिरू नये, पहिला काप पुरुषाने द्यायचा, सो नवऱ्याला कामाला लावायला आयतंच कारण मिळालंय :-) आतल्या गराचे घारगे होतील का तेही सांगा.

टिवल्याबावल्या:
अगं लगेच नको कोरूस!! अख्खा भोपळा थंड कोरड्या जागी आरामात राहतो पण कोरला की चार-पाच दिवसांत आतून बुरशी धरते आणि तोंड असं आत जातं की कवळी काढलेले आजोबाच. २९-३० ला कोर.

किचनमधली मोठी सुरी अजिबात नको, साल निबर असते, सुरी अडकते, मग आपण जोर लावतो आणि ती सटकून थेट दुसऱ्या हातावर येते. ग्रोसरीत जो स्वस्तातला सेट मिळतो ना त्यातली बारीक दातांची करवत खेळण्यातली वाटते पण काम तीच करते. ढकलायची नाही, नुसती मागेपुढे हलवत राहायची.

झाकण कापताना करवत तिरकी धर, टोक आत मधोमध रोखलेलं, म्हणजे झाकण कडेवर टेकून बसतं. सरळ उभं कापलंस की ते आत पडलंच म्हणून समज. आणि बिया-धागे काढून थांबू नकोस, खरी मेहनत पुढेच आहे. चेहरा जिथे येणार ती भिंत आइस्क्रीमच्या स्कूपने खरवडून साधारण इंचभर जाडीची कर, नाहीतर कोरताना मनगटाची वाट लागते आणि उजेडही नीट बाहेर पडत नाही. हे खरवडणं आणि मार्करने चेहरा काढणं लेकीला दे, करवत मोठ्यांकडेच.

खारींचा_शत्रू:
वरच्याला +१. आम्ही झाकण कापतच नाही, बुडाला भोक पाडतो आणि भोपळा लाइटवर उपडा ठेवल्यासारखा ठेवतो. डोळे आधी कोरा, तोंड शेवटी, कारण मोठं भोक पडलं की भिंत लेचीपेची होते. कापलेला तुकडा आतून बोटाने ढकलून बाहेर काढायचा.

टिकायला म्हणाल तर गॅलनभर पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून आतून आणि कडांवर स्प्रे करायचं, वाळू द्यायचं. काही जण कडांना पेट्रोलियम जेली लावतात, पण ती पेट घेऊ शकते त्यामुळे मग मेणबत्ती नाहीच. तसंही हॅलोविनला दारात लांब झगे घातलेली पोरं खाऊ मागायला येणार, बॅटरीवरचा लाइटच बरा. खारींचं मात्र काही खरं नाही, रात्री आत घ्या.

घारगेवाली:
कोरायच्या भोपळ्याचे घारगे नकोच, गर पाणचट आणि धागेधागे. त्या जाती दिसायला आणि उभ्या राहायला वाढवतात, चवीला नाही. इंडियन स्टोअरमधून लाल भोपळ्याची फोड आण किंवा छोटा पाय पम्पकिन (pie करायचा भोपळा) घे. डब्यातली प्युरीही चालते, फक्त मसाला घातलेलं पाय मिक्स उचलू नकोस, आणि प्युरी ओली असते म्हणून आधी कढईत आटव. बिया मात्र ब्लीच मारायच्या आधीच बाजूला काढ, धुऊन पुसून तेल-मीठ-तिखट लावून ३२५ फॅरनहाइटला भाज, अधूनमधून हलव. आमच्याकडे भोपळ्यापेक्षा बियांवरच भांडणं होतात.

डब्लिनकर:
इकडे आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरायचे, अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा सापडला आणि सुटले बिचारे. मेयो काउंटीतल्या कंट्री लाइफ म्युझियममध्ये तसल्या एका जुन्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, चेहरा इतका भयानक की तुमचे भोपळे त्याच्यापुढे गोंडस. लेकीला फोटो दाखवाच, पण दिवसा.

रानजाई:
सगळ्यांना धन्यवाद! कोरताना एखादा दात तुटला तर भोपळा फुकट का?

टिवल्याबावल्या:
छे, टूथपिक मोडून अर्धी दातात अर्धी भिंतीत खोचायची. नाहीतर दुसरा दातही काढून टाक, बोळका भोपळा जास्त भाव खातो.