ए विंगची फळी कोणी उचलली?

शनिवार

वैशाली देशपांडे, ए-303 (सकाळी 7:42): ए विंगच्या पायऱ्यांवर टाकलेली प्लायची फळी काल रात्रीपासून जागेवर नाही. ज्यांनी उचलली त्यांनी कृपया परत आणून ठेवावी. आईंना व्हीलचेअरवरून साडेनऊला फिजिओकडे न्यायचं आहे.

साठे, सचिव: सुप्रभात 🙏 कोणास माहिती असल्यास ग्रुपवर कळवावे.

ओंकार, ए-302: काल भंगारवाला येऊन गेला. उगाच आपलं सांगतोय.

शिर्के, बी-204: मुळात कॉमन पॅसेजमध्ये फळी ठेवायला परवानगी कोणाची होती?

वैशाली देशपांडे: जूनमध्ये याच ग्रुपवर विचारलं होतं. सचिवांनी अंगठा दिला होता.

साठे, सचिव: अंगठा म्हणजे मेसेज वाचला. परवानगीचा विषय कमिटीत येतो.

ओंकार: अंगठाबहाद्दर कमिटी 😀

साठे, सचिव: ओंकार, तुझ्या बाबांशी बोलू का?

कदम काकू, बी-301: सर्वांना आठवण, गणपती पंधरा दिवसांवर आले. वर्गणी फक्त अकरा घरांची जमा आहे.

वैशाली देशपांडे (9:58): नेलं आईंना, फळीशिवाय. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून. वॉचमन, दूधवाला, ओंकार आणि मी. तिसऱ्या पायरीवर खुर्चीचा मागचा पाय वाकला. दूधवाल्याने गुडघा टेकवला म्हणून सावरलं. त्याचा गुडघा फुटलाय. आई रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझा पदर धरून होत्या. ज्यांच्याकडे फळी आहे त्यांना एवढं सांगायचं होतं.

कदम काकू: अगं बाई. दूधवाल्याला हळद दिलीस का?

जोशी काका, ए-401: वाईट वाटले. पण एक लक्षात घ्या, दोन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार. नवीन इमारतीत रॅम्प, मोठी लिफ्ट, सर्व असणार. आता खर्च करणे म्हणजे पाण्यात पैसा.

ओंकार: काका, मी सातवीत होतो तेव्हापासून दोन वर्षं आहेत. आता नोकरीला लागलो.

राहुल पाटील, बी-202: नमस्कार. इथे न्यू जर्सीत रात्र झालीये पण राहवलं नाही. इकडे कुठल्याही दुकानात, लायब्ररीत रॅम्प असतोच. 1990 सालचा कायदा आहे. आपल्याकडे मानसिकताच नाही.

साठे, सचिव: राहुलजी, आपले दोन तिमाहींचे मेंटेनन्स बाकी आहे. सवड मिळेल तेव्हा पाहावे 🙏

ॲड. शिंदे, ए-203: कायदा आपल्याकडेही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला बजावलंय की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, बंधनकारक करा. खाजगी सोसायटीला त्यातलं काय किती लागू, यावर वाद घालता येईल. पण "परवानगी कोणाची" हा प्रश्न कागदावर लिहून देऊ नका, एवढा माझा फुकट सल्ला.

शिर्के, बी-204: मॅडम, धमकी नको. प्रश्न साधा आहे. रॅम्प केला तर टू-व्हीलर कुठे लावायच्या?

ॲड. शिंदे: धमकी कुठे दिली?

शिर्के, बी-204: हा मेसेज हटवला आहे

वैशाली देशपांडे: शिर्के, मी वाचलाय. "अशा लोकांनी तळमजल्यावर राहावं." स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

शिर्के, बी-204: मी सगळ्यांच्या सोयीच्या दृष्टीने बोललो होतो. विपर्यास करू नये.

बापट, ए-104: तळमजल्यावर आम्हीच आहोत. त्या चार पायऱ्या आमच्याही दारापुढेच येतात. फक्त माहितीसाठी.

जोशी काका, ए-401: पायऱ्या फोडायला माझा सक्त विरोध राहील. 26 जुलै विसरलात? 2005 ला लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, मीटर रूममध्ये पाणी, आठ दिवस अंधार. डोंबिवली बुडालेली आपण डोळ्यांनी पाहिली आहे. त्यानंतर लॉबी उंच केली आणि दोनाच्या चार पायऱ्या झाल्या. ती उंची वाचवते आपल्याला.

गोखले काका, बी-101: पायऱ्या फोडायचे कोणीही म्हटलेले नाही.

कदम काकू: गोखले भाऊजी जागे झाले.

गोखले काका: दुपारी मोजून कळवतो.

शिर्के, बी-204: मोजा, पण टू-व्हीलर कुठे लावायच्या ते आधी सांगा.

गोखले काका (दुपारी 3:20): माप घेतले. पायऱ्यांची एकूण उंची 22 इंच. चारही सारख्या नाहीत, वरची साडेसहा इंच आहे. म्हणूनच सगळे तिथे अडखळतात. रॅम्पचा नियम एकास बारा. एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे आपल्याला 22 फूट उतार हवा, वर वळायला पाच फूट सपाट जागा वेगळी. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडा, आणि कडेला पट्टी, नाहीतर पुढचे छोटे चाक बाहेर जाते. राहुलच्या अमेरिकेतही एकास बाराच आहे, विचारा त्याला.

राहुल पाटील: हो काका, सेम 👍

मोहिते, अध्यक्ष: 22 फूट? गोखलेसाहेब, मॉलमध्ये दहा फुटांत बसवलेला असतो.

गोखले काका: दहा फुटांत 22 इंच म्हणजे एकास साडेपाच. तिथून सामानाची ट्रॉली चढते, कारण ढकलणारा तरणा असतो. स्वतः हाताने चाक फिरवणाऱ्या माणसाची खुर्ची मागे उलटते. आणि उतरताना वैशालीचे वजन आजींपेक्षा कमी आहे, हेही धरा. अध्यक्षांनी एकदा खुर्चीत बसून बघावे. मी मागून धरतो.

ओंकार: मी व्हिडिओ काढतो.

मोहिते, अध्यक्ष: ओंकार, प्रत्येक ठिकाणी विनोद नको.

कदम काकू: भाऊजी, बाथरूमचं पण सांगा ना. आमच्या ह्यांचे गुडघे आता कमोडवरून उठताना साथ देत नाहीत. टॉवेलच्या दांड्याला धरतात, तो एक दिवस हातात येणार.

गोखले काका: येणारच. टॉवेलचा दांडा दोन स्क्रूंवर असतो. आधाराचा दांडा वेगळा मिळतो, तो टाइलला नाही तर मागच्या भिंतीला अँकर फास्टनरने बसवायचा. आपल्या मधल्या भिंती चार इंची आहेत, विटेत धरतोय का ते आधी बघा, सांध्यात भोक पडले तर निघून येतो. स्वतः अंग टाकून लटकून पाहिल्याशिवाय सुताराला पैसे देऊ नका. आणि दाराबाहेरचे पायपुसणे आधी उचला.

वैशाली देशपांडे: काकू, बाथरूमचं दार पण मोजा. आमचं 24 इंच निघालं आणि खुर्ची 25 इंच. एका इंचासाठी चौकट काढली. सध्या पडदा लावलाय. आईंना त्याचं जास्त लागतं, पायापेक्षा. घरात जावई आले की त्या तासन्‌तास पाणीच पीत नाहीत.

कदम काकू: 😔 कळलं ग.

साठे, सचिव: विषय बाथरूमकडे जात आहे. मूळ मुद्द्यावर यावे. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहेच. रॅम्पचा विषय विषयपत्रिकेत घेऊ.

वैशाली देशपांडे: म्हणजे तोवर आईंनी घरातच बसायचं. आठवड्यात तीन वेळा फिजिओ असतो, साठेकाका.

ॲड. शिंदे: विशेष सर्वसाधारण सभा पाच दिवसांच्या नोटिशीवर घेता येते. पाच पूर्ण दिवस. वार्षिक सभेचे चौदा.

शिर्के, बी-204: सभा कधीही घ्या. टू-व्हीलर कुठे लावायच्या हे कोणी सांगत नाही. ए विंगच्या बाजूला सहा गाड्या लागतात.

बापट, ए-104: त्या सहामधल्या तीन तुमच्या घरच्या आहेत.

शिर्के, बी-204: दोन. तिसरी मेव्हण्याची.

बापट, ए-104: मेव्हणा कोणत्या फ्लॅटचा सभासद?

मोहिते, अध्यक्ष: वैयक्तिक पातळीवर जाऊ नये.

जोशी काका, ए-401: पुन्हा सांगतो. रिडेव्हलपमेंटची फाइल बिल्डरच्या टेबलवर आहे. 1 लाखाचा रॅम्प बांधायचा आणि दोन वर्षांत बुलडोझर. कोणाच्या खिशातून?

गोखले काका: बांधायचा नाहीच. लोखंडी. खाली चौकोनी पाइपची फ्रेम, वर चेकर्ड प्लेट, नट-बोल्टवर. प्लिंथला धक्का नाही, खालून पावसाचे पाणी निघून जाते. बिल्डिंग पडली तर उचलून नव्या बिल्डिंगला लावा, नाहीतर भंगारात विका. पूर्वेच्या फॅब्रिकेटरचा अंदाज 1,04,000 आहे, कठड्यासकट. 32 फ्लॅट. घरटी 3,250.

ओंकार: गणपतीच्या डीजेपेक्षा स्वस्त.

कदम काकू: डीजे नव्हता तो. ढोल-ताशा होता. आणि गेल्या वर्षीचा विषय आता नको.

ओंकार: काकू, गेल्या वर्षी बाप्पाची ट्रॉली लॉबीत नेताना फळ्या टाकून उतार केला होता ना? पाऊण तासात. तेव्हा नोटीस, विषयपत्रिका काही नव्हतं.

मोहिते, अध्यक्ष: देवाच्या कामाशी तुलना करू नये.

ओंकार: तुलना नाही सर, फळ्या कुठे ठेवल्यात तेवढं विचारतोय.

साठे, सचिव: गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आहेत. पण कुजल्या असाव्यात.

वैशाली देशपांडे (संध्याकाळी 6:12): आई म्हणतात लिही. त्या बोलतायत, मी टाइप करतेय.

"2005 साली पायऱ्या वाढवायचा ठराव झाला, त्याला अनुमोदन माझं होतं. इतिवृत्त काढून बघा. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते आणि दोन बादल्या घेऊन चार मजले चढत होते. आपला पाय कधी अडकेल असं वाटलं नाही. जोशी, तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात, कशाला खर्च, बिल्डिंग पडणारच आहे. मला खुर्चीत उचलतात तेव्हा सगळे माझ्या वजनाबद्दल बोलतात. मी वर बसून ऐकते. दूधवाल्याच्या गुडघ्याचे पैसे मी देणार आहे, सोसायटीने देऊ नयेत."

कदम काकू: 🙏

बापट, ए-104: आजी, नमस्कार.

जोशी काका, ए-401: वहिनी, तेव्हाचा संदर्भ वेगळा होता. रिडेव्हलपमेंटची चर्चा तेव्हा नुसती होती, आता प्रत्यक्ष प्रस्ताव आहे.

शिर्के, बी-204: आजींबद्दल आदर आहे. विषय पार्किंगचा आहे.

गोखले काका (रात्री 9:05): फळी माझ्याकडे आहे.

ओंकार: काय???

गोखले काका: काल रात्री मी उचलली. सहा फुटी फळी, 22 इंच उंची. एकास सव्वातीन सुद्धा पडत नाही. गुरुवारी गॅलरीतून पाहिले, वैशाली उलटी चालत खुर्ची उतरवत होती आणि तिची चप्पल सटकली. फळीला वर हूक नाही, खाली रबर नाही. रात्रभर तेच दिसत होते. म्हणून घेऊन आलो.

वैशाली देशपांडे: काका, मग बेल वाजवून सांगायचं तरी. आज सकाळी खुर्चीचा पाय वाकला. फळीवर निदान मी एकटी पुरत होते, चार माणसं गोळा करावी लागत नव्हती.

गोखले काका: सांगायला हवे होते. सकाळी येणार होतो, डोळा लागला.

वैशाली देशपांडे: बरं.

वैशाली देशपांडे: सोमवारी काय करायचं ते सांगा आता.

गोखले काका: तोपर्यंत दोन माणसे, फळी नाही. खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, मागची मोठी चाके एकेक पायरीवर ओढून वर घ्यायची, दुसऱ्याने पुढून फ्रेमला धरायचे. पाय ठेवायच्या पट्ट्यांना धरू नका, त्या निघून हातात येतात. उतरताना मागची चाके आधी, पाठ वरच्या पायरीकडे नको... थांबा, लिहिण्यात घोळ होतोय. सोमवारी नऊला खाली येतो, दाखवतो. ओंकार, तू ये.

ओंकार: येतो. लिफ्टचं पण बघा काका. जाळीचं दार 28 इंच आहे, खुर्ची जाते, पण आजींची बोटं दोनदा घासली. आणि ती एक इंच खाली थांबते.

मोहिते, अध्यक्ष: लिफ्टवाल्याला सोमवारी बोलावतो. विशेष सभेची नोटीस साठेंनी उद्या लावावी.

साठे, सचिव: नोटीस लावतो. विषय: ए विंग प्रवेशद्वारी लोखंडी रॅम्प. अन्य विषय घेतले जाणार नाहीत.

जोशी काका, ए-401: रिडेव्हलपमेंटचा विषयही त्याच सभेत घ्यावा.

साठे, सचिव: अन्य विषय घेतले जाणार नाहीत.

राहुल पाटील: माझे 3,250 आत्ता पाठवले. मेंटेनन्स पुढच्या आठवड्यात.

साठे, सचिव: मेंटेनन्स आधी जमा होते, त्यातून उरल्यास रॅम्प 🙏

रविवार

गोखले काका (सकाळी 6:50): आठला फॅब्रिकेटर माप घ्यायला येतोय. मीटर रूमच्या भिंतीला लागून उभी असलेली पांढरी ॲक्टिव्हा कोणाची? बरोबर मापात येते आहे.

गोखले काका (7:35): पांढरी ॲक्टिव्हा. एमएच-05. सीट फाटलेली.

बापट, ए-104: शिर्केंच्या मेव्हण्याची.

कदम काकू: आज पाणी नऊला जाणार आहे, भरून ठेवा.

शिर्के, बी-204: मेव्हणा अलिबागला गेलाय. चावी त्याच्याकडे आहे.

ओंकार: हँडल लॉक नाहीये. मी आणि वॉचमन उचलून बाजूला ठेवतो. अनुभव आहे आता.