मदत हवी आहे: बॅकअपची प्रत कुठे ठेवावी?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सोमवारी कॉम्प्युटर उघडला तर टॅलीच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे भलतीच अक्षरं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस! बॅकअपची हार्ड डिस्क रात्रंदिवस मशीनलाच जोडलेली, त्यामुळे तीही गेली. 8 वर्षांची बिलं, ड्रॉइंग्ज... फार जीव तुटतो. पैसे देणार नाही. सायबर पोलिसांत तक्रार केली आहे.

आता 3-2-1 पद्धत लावायची आहे: 3 प्रती, 2 प्रकारच्या माध्यमांवर, 1 ऑफिसबाहेर. ही बाहेरची प्रत क्लाउडवर ठेवू, की डिस्क रोज काढून घरी नेऊ? क्लाउडवर ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही अशी प्रत ठेवता येते. 5 जणांच्या ऑफिसला ती परवडते का? नाशकात कुणी वापरत असेल तर कृपया सांगा.