गॅलक्सी क्वेस्ट: खरंच भारी, की आपणच म्हातारे झालो?

धूमकेतू:
परवा रात्री झोप येईना म्हणून 'गॅलक्सी क्वेस्ट' परत लावला आणि खरं सांगतो, पाऊण तास झाला तरी नीट हसू आलं नाही. १९९९चा पिक्चर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: बंद पडलेल्या एका अंतराळ मालिकेतले नट मेळाव्यांमध्ये सह्या वाटून जगतायत, आणि ती मालिका खरा इतिहास समजून बसलेले परग्रहवासी त्यांना खऱ्या युद्धात मदतीला घेऊन जातात. कल्पना एक नंबर, वादच नाही, पण विनोद सगळा 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन अंतराळ मालिकेच्या जिवावर, ते माहीत नसेल तर निम्मं डोक्यावरून जातं. तरी लोक 'असे पिक्चर आता निघत नाहीत' म्हणून उसासे टाकणार आणि दुसरा भाग कधी ते विचारणार. मला तर वाटतं आपल्याला पिक्चर आठवतच नाही, तो बघताना आपण किती रिकामटेकडे होतो ते आठवतं. बोला आता.

निळंबटण:
साफ चूक. मी स्टार ट्रेकचा एक भागसुद्धा पाहिला नव्हता तेव्हा, तरी हसून हसून पोट दुखलं होतं. तो 'गाय' नावाचा नट आठवा, मालिकेच्या एकाच भागात येऊन मेलेला, त्याला सगळा वेळ धास्ती की आपल्या पात्राला आडनावसुद्धा नाही म्हणजे आपलाच नंबर पहिला. हे कळायला स्टार ट्रेक कशाला हवं, कुठल्याही पिक्चरमधल्या हीरोच्या मित्राचं काय होतं ते माहीत असलं की झालं.
आणि मालिकेतल्या परग्रहवासी अधिकाऱ्याचं काम करणाऱ्या नटाच्या भूमिकेतला ॲलन रिकमन! मालिकेतल्या त्याच्या त्या हातोड्याच्या शपथेच्या डायलॉगचा त्याला इतका वीट आलाय की दुकानाच्या उद्घाटनात तो म्हणताना त्याचा चेहरा बघवत नाही. मग त्याला दैवत मानणारा परग्रहवासी क्वेलेक त्याच्या हातात मरतो आणि तोच डायलॉग तो मनापासून म्हणतो. मी प्रत्येक वेळी रडतो, काय करायचं ते करा.

शंकासुर:
रिकमनबद्दल सहमत, पण नटीचं काम करणाऱ्या सिगर्नी वीव्हरचं काय? मालिकेत बाईला कॉम्प्युटरचं बोलणं परत बोलण्यापलीकडे कामच नाही याची थट्टा करायची, आणि शेवटाकडे तिचाच ड्रेस फाटलेला दाखवायचा. टोमणाही मारायचा आणि तेच करायचं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. जुन्या आठवणींत रमणारे हे सोयीस्कर विसरतात.

निळंबटण:
हा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चौथीखुर्ची:
२०००चं ह्यूगो आणि पटकथेचं नेब्युला, सायफायचे (विज्ञानकथांचे) दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेत याला, म्हणजे नुसता आठवणींवर तरलेला नाही. बारकावे बघा: मालिकेची दृश्यं जुन्या टीव्हीच्या चौकोनात, मग पडदा थोडा रुंद, आणि कॅप्टनचं काम करणाऱ्या नटाला पहिल्यांदा खरं अंतराळ दिसतं तेव्हा पूर्ण रुंद. कॉमेडीसाठी एवढी मेहनत कोण घेतं?
दुसऱ्या भागाचं मात्र धूमकेतूंना माझं मत. नव्या मालिकेची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात जानेवारी २०१६ मध्ये रिकमन गेले. त्यांच्याशिवाय नकोच.

धूमकेतू:
बघा, एक तरी आपल्या बाजूने! पुरस्कारांचं मला सांगू नका हो, ते देणारेही सायफायवेडेच. आणि मला चाहत्यांचीच गंमत वाटते. पिक्चरमध्ये जुनं उगाळत बसणाऱ्या चाहत्यांची टर उडवलीय, आणि आपण पंचवीस वर्षं तेच करतोय.

निळंबटण:
टर?? अहो ज्या चाहत्या पोराला कॅप्टन झिडकारतो त्याच पोराला, ब्रँडनला, शेवटी फोन करावा लागतो, कारण जहाजाचा नकाशा फक्त त्या पोरांकडे असतो! ते नसते तर सगळे खल्लास. आणि खोटं म्हणजे काय हेच माहीत नसलेल्या परग्रहवासीयांच्या म्होरक्याला, मॅथेसारला, कॅप्टन सांगतो ना की आम्ही नुसते नट आहोत, ही सगळी नाटकं होती, तिथे तर कॉमेडी पार थांबते. हा सीन तरी नीट बघितलात का यावेळी?

धूमकेतू:
नाही, तिथपर्यंत पोचलो नाही. पाऊण तासाने बंद केला. सकाळी लवकर उठायचं होतं.

निळंबटण:
अर्धा पिक्चर बघून एवढा मोठा धागा काढलात?? धन्य आहात.

शंकासुर:
😂😂 धूमकेतू, उरलेला बघा आणि मग या. ड्रेसचं मात्र मी मागे घेत नाही.