ओपनस्ट्रीटमॅपचा जुना डेटा धंद्यात वापरला तर चालतं का?

प्रश्न: २०१२ च्या आधीची ओएसएमची (ओपनस्ट्रीटमॅप, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) फाइल पडलीये आमच्याकडे, तेव्हा लायसन्स सीसी बाय-एसए (क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा असं) होतं मग ओडीबीएल (खुल्या डेटाबेससाठीचं लायसन्स) आलं, आता पेड डिलिव्हरी ॲप काढायचंय तर कुठलं धरायचं?

नकाशावेडा: ज्या लायसन्सखाली घेतली तेच. १२ सप्टेंबर २०१२ ला बदललं, पण सीसी मागे घेता येत नाही, अटी पाळा म्हणजे झालं. धंदा दोन्हीत चालतो. पण एवढा जुना नकाशा घेऊन करणार काय राव, अर्धे बायपास त्यात नसतील!

प्रश्नकर्ता: बरं, नवीन घेतला तर आमची कस्टमर लिस्ट पण ओपन करावी लागेल का?

कोकणी_कोडर: नाही हो, ती वेगळी ठेवलीत तर तुमचीच. पण ओएसएमचेच रस्ते दुरुस्त करून, भर घालून ॲपमधून लोकांसमोर आणलेत तर तो सुधारलेला डेटाबेस ओडीबीएलखालीच द्यावा लागतो. नकाशाच्या कोपऱ्यात श्रेय हवंच, ते बरेच जण गाळतात.

नकाशावेडा: आणि जुनी-नवी फाइल मिसळून बाहेर देऊ नका, दोघांच्या शेअर-अलाइक अटी (बदललेलं त्याच लायसन्सखाली द्यायचं, या) जुळत नाहीत. तसंच करायचं असेल तर आधी वकील गाठा.