आभाराच्या पानावर कुणाकुणाचं नाव लिहू? (सोसायटीचा ग्रुप, मांजलपूर, बडोदा)

बी-२०४ (रात्री ८:४०)
सगळ्या काका-काकूंना, आजी-आजोबांना नमस्कार. गरब्याला निघण्याआधी एवढं वाचाल का? मेसेज लांब आहे. पण परवा रात्री आमच्या टीमचं संकेतस्थळ बंद होतंय, त्यानंतर त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. म्हणून आजच विचारते.

आमची स्पर्धा आयजेम, जिवाणूंसारख्या जीवांत बदल करून उपयोगी काही बनवायची. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जानेवारीच्या एका छोट्या अभ्यासक्रमातून ती सुरू झाली. २००४ मध्ये ५ टीम होत्या, आता जगभरातून शेकडो येतात आणि ऑक्टोबरअखेर पॅरिसला जमतात. तिथे एक अट मला फार आवडते. कोणतं काम नेमकं कुणी केलं ते एका पानावर लिहावंच लागतं. मुलांनी काय केलं, सरांनी काय, बाहेरच्यांनी काय. ते पान नसेल तर कांस्यपदकसुद्धा मिळत नाही.

ते पान काल भरायला घेतलं आणि बाहेरच्यांच्या रकान्यात आपल्या सोसायटीचीच माणसं जास्त निघाली.

जुलैत कॉलेजचं बर्फाचं मशीन तीन आठवडे बंद होतं. जिवाणूत नवा डीएनए घालायचा तर पेशी अर्धा तास बर्फात ठेवतात, मग ४२ अंशांवर साधारण ४५ सेकंद, आणि लगेच परत बर्फात. बर्फ नाही तर काम नाही. तेव्हा बी आणि सी विंगमधली नऊ घरं रोज सकाळी साडेसातला स्टीलच्या डब्यांत बर्फ भरून देत होती. सी-४०२ काकूंनी तर फ्रीजरमधले मटार बाहेर काढून ट्रे लावले. काकू, त्या तीन आठवड्यांत केलेली जिवाणूंची तिसरी प्लेट हीच आज आमची मुख्य प्लेट आहे.

ए-२०१ आजोबांनी आमचा पाण्यातलं फ्लोराइड मोजायचा मीटर सुधारला. एकाच बाटलीचं पाणी तीनदा तपासलं की तीन आकडे यायचे. आजोबा लॅबमध्ये आले, स्टुलावर बसले आणि पहिलाच प्रश्न, "टायसॅब प्रत्येक स्टँडर्डमध्ये आणि प्रत्येक नमुन्यात सारख्याच प्रमाणात घालता का?" टायसॅब म्हणजे मोजण्याआधी पाण्यात मिसळायचं द्रावण आणि स्टँडर्ड म्हणजे फ्लोराइडचं प्रमाण आधीच ठाऊक असलेलं पाणी. आम्ही तसं घालत नव्हतो.

बी-३०३ बेननी प्रश्नावली गुजरातीत केली. आम्ही लिहिलेलं गुजराती सरकारी फॉर्मसारखं होतं, ते त्यांनी बोलण्यातलं केलं.

सी-१०२ आजी, तुमच्याबद्दल वेगळं लिहिते. आणि ए-५०१ काका, तुमच्याबद्दलही.

माझा प्रश्न असा की कुणाचं नाव, कसं लिहू? ज्यांना नको असेल त्यांनी सांगा.

सी-४०२ काकू (८:५१)
अगं बर्फाचं काय नाव लिहायचं? पाणी होतं ते. पण लिहिणारच असशील तर नऊही घरं लिही. बी-१०१ वाली तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, तिच्या सासूबाई डबा आणून ठेवायच्या. त्यांना विसरू नकोस.

सेक्रेटरी (८:५३)
सोसायटीच्या लेटरहेडवर अभिनंदन पत्र काढू का? आणि गेटवर बॅनर लावू.

बी-२०४ (८:५५)
सेक्रेटरीकाका, बॅनर आत्ता नको. निकाल यायचा आहे, पदक मिळेल की नाही ते माहीत नाही. मला आभार निकालाच्या आधीच मानायचे आहेत, कारण तुम्ही सगळ्यांनी मदत निकाल न बघता केली.

डी-१०३ मामी (८:५८)
बाळा, मला अजून नीट कळलेलं नाही, तुम्ही बनवलंय तरी काय? आपल्याकडे तर आजवा-महीचं पाणी येतं, आपल्याला फ्लोराइडचं काय?

बी-२०४ (९:०६)
मामी, आपल्याला नाही. जिथे हातपंपाचं नाहीतर बोअरचं पाणी पितात तिथला हा प्रश्न. जमिनीखालच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ठीक, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याच्यावरचं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, खूप वर्षं गेलं तर हाडं आखडतात. पाण्याला रंग नसतो, वास नसतो, त्यामुळे पिणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आता आम्ही काय केलं ते. जिवाणूंनाही फ्लोराइड सोसत नाही. म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत आरएनए नावाच्या रेणूचा एक छोटा खटका असतो. फ्लोराइड आलं की खटका दाबला जातो आणि ते बाहेर फेकणारी प्रथिनं तयार होतात. येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये हा खटका जगासमोर आणला. आपल्या गच्चीवरच्या टाकीला अलार्म आहे ना, पाणी वर चढलं की वाजतो? तसाच. आम्ही अलार्म तोच ठेवला आणि भोंग्याच्या जागी रंग लावला. फ्लोराइड असेल तर पट्टी हळदीसारखी पिवळी होते.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे आधी करून दाखवलंय. आम्ही ते इथल्या पाण्याला बसवायचा प्रयत्न करतोय. तेही पानावर लिहिलंय.

बी-३०३ बेन (९:१०)
मस्त समजावलंस बेटा. टाकीचा अलार्म मला लगेच डोक्यात बसला. प्रश्नावलीत पण हेच घाल ना.

ए-५०१ काका (९:१४)
माझ्याबद्दल काय लिहिणार आहेस ते आधी इथेच सांग. जूनमध्ये मी या ग्रुपवर काय लिहिलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल.

बी-२०४ (९:२२)
सांगते काका. जूनमध्ये मी इथे लिहिलं होतं की आम्ही पाणी तपासणारा जिवाणू बनवतोय. तुम्ही लिहिलंत, "बदललेले जंतू बाटलीत घेऊन फिरणार? आणि बाटली विहिरीत पडली तर?" तेव्हा मला राग आला होता. दोन दिवस मी लिफ्टमध्ये तुमच्याकडे बघितलंही नाही. माफ करा.

मग टीमच्या बैठकीत मी तुमचं वाक्य फळ्यावर लिहिलं, म्हटलं, उत्तर द्या. उत्तर कुणाकडेच नव्हतं. स्पर्धेचा नियमही तोच आहे, बदललेला जिवंत जीव प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही. आम्ही तो नियम वाचला होता, पण पट्टी गावात कशी वापरणार हा विचार पुढे ढकलत होतो. तुमच्या प्रश्नाने ते थांबलं.

त्या आठवड्यात आम्ही रस्ता बदलला. आता पट्टीवर जिवंत काहीच नसतं. पेशी फोडतो, आतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा तेवढी काढून घेतो, गोठवून कागदावर सुकवतो. पाण्याचा थेंब पडला की ती यंत्रणा जागी होते, काम करते आणि संपते. वाढत नाही, पसरत नाही. बाटली विहिरीत पडली तर फक्त बाटलीच पडेल.

पानावर मी असं लिहिलंय: "आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या प्रश्नामुळे प्रकल्पाची दिशा बदलली." नाव घालायची परवानगी हवी आहे.

ए-५०१ काका (९:३१)
मी मदत म्हणून विचारलं नव्हतं, विरोध म्हणूनच विचारलं होतं. ते खोटं करू नकोस. "विरोध केला" असंच लिही आणि त्यापुढे माझं नाव घाल. चालेल.

बी-२०४ (९:३३)
"विरोध केला" असंच लिहिते काका.

डी-१०३ मामी (९:३५)
पण भाऊजी, तुम्ही रोज जे इन्शुलिन घेता तेही जिवाणूच बनवतात ना? मागे डॉक्टर म्हणाले होते.

बी-२०४ (९:३९)
हो मामी, जिवाणू नाहीतर यीस्ट. पूर्वी इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ मध्ये ई. कोलाय नावाच्या जिवाणूकडून मानवी इन्शुलिन बनवून घेतलं, १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळाली. पण तिथे जिवाणू कारखान्याच्या बंद टाकीत राहतो. काकांचा प्रश्न विहिरीचा होता. दोन्ही वेगळं आहे, काकांचा मुद्दा बरोबरच होता.

ए-२०१ आजोबा (९:४४)
पट्टी किती फ्लोराइडला पिवळी होते ते अजून सांगितलं नाहीस. तेही सांग.

बी-२०४ (९:४८)
आजोबा, २ मिलिग्रॅमच्या वर गेलं की अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ पिवळी होते. १.५ ला होत नाही. म्हणजे खरी सीमा जिथे आहे तिथेच आमची पट्टी गप्प बसते. संकेतस्थळावर पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलंय. टीममध्ये यावर भांडण झालं, काहीजण म्हणाले खाली लिहू. मी नाही म्हटलं.

ए-२०१ आजोबा (९:५२)
बरोबर केलंस. मी रिफायनरीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली. जो आकडा आला नाही तो वहीत लिहिणारा माणूस पुढे उपयोगी पडतो. माझं नाव लिहायला हरकत नाही. हुद्दा नको, "निवृत्त" पुरे.

सी-१०२ आजी (९:५८)
मला हे मेसेज नातू वाचून दाखवतोय, तोच लिहितोय. बेटा, माझं नाव घालू नकोस. तुमच्या टीमला दिले ते पैसे ह्यांच्या नावाने ठेवलेले होते, वर्षश्राद्धाला जेवण घालायचे. मी म्हटलं, पाणी तपासायला जाऊ देत. दान सांगितलं की हलकं होतं असं आमच्या घरात मानतात.

बी-२०४ (१०:०२)
आजी, नाही घालणार. पण पैसे मिळाले हे लिहावंच लागेल, नाहीतर हिशेब जुळत नाही. "एका आजींनी आजोबांच्या स्मरणार्थ" एवढं लिहू?

सी-१०२ आजी (१०:०५)
"स्मरणार्थ"ही नको. "एका घरातून" एवढंच लिही.

बी-२०४ (१०:०६)
एका घरातून. तसंच लिहिलं आजी.

बी-२०४ आई (१०:१५)
ही अजून एक गोष्ट लिहायची विसरली, म्हणून मी लिहिते. आपल्या बी विंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशी छोटा उदेपूरकडच्या. दिवाळीत नाहीतर होळीलाच गावी जातात, पण हिच्यासाठी ऑगस्टमध्ये एका रविवारी बसने गेल्या आणि गावच्या हातपंपाचं पाणी घेऊन आल्या. बरोबर ही आणि टीममधल्या दोघी गेल्या होत्या. गावातल्या बायका गुजरातीत विचारलं तर हो-नाही एवढंच सांगत होत्या. मावशींनी राठवीत, म्हणजे तिथल्या बोलीत, विचारायला सुरुवात केली, मग कुठे बोलल्या.

बी-२०४ (१०:१९)
आई, विसरले नव्हते. पानावर त्यांचं नाव सगळ्यात वर आहे, पण अर्धंच आहे. आपण सगळे त्यांना मावशी म्हणतो. पूर्ण नाव मला माहीत नाही. कुणाला माहीत आहे का?

सेक्रेटरी (१०:२४)
गेटच्या रजिस्टरमध्ये "बी विंग, कामवाली" एवढंच आहे. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म फाइलमध्ये असेल, उद्या बघतो.

सी-४०२ काकू (१०:२६)
फाइल कशाला? सकाळी साडेआठला येतील, त्यांनाच विचार. आणि लिहू का म्हणून आधी विचार.

बी-३०३ बेन (१०:२८)
त्या पाण्याचं काय निघालं पण?

बी-२०४ (१०:३४)
आजोबांच्या पद्धतीने दोनदा मोजलं, २.३ आला. आमची पट्टीही पिवळी झाली. त्याच गावात शाळेजवळ दुसरा पंप आहे, तिथे ०.८. मावशींनी फोन करून बहिणीला सांगितलं की पिण्याचं पाणी शाळेजवळून आण, धुण्याला जुना पंप ठेव. दोनच नमुने आहेत, दर मोसमात पुन्हा तपासायला हवेत. छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबा डुंगरला फ्लोराइटची, म्हणजे फ्लोराइड असलेल्या खनिजाची, खाण आहे, म्हणजे त्या भागातल्या खडकातच ते आहे. पण याच गावात त्यामुळेच आलं असं मी म्हणणार नाही.

डी-१०३ मामी (१०:३६)
त्यांना उकळून प्यायला सांग ना.

ए-२०१ आजोबा (१०:३९)
मामी, उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे वाढतंच. नागपूरच्या नीरी संस्थेची नलगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुना घालून गाळ खाली बसवायचा. पण प्रमाण मोजून घालावं लागतं, अंदाजाने नाही. बेटा, पॅरिसहून आलीस की मावशींच्या गावी जाऊन ते एकदा करून दाखवू. मी येतो.

बी-२०४ (१०:४१)
आजोबा, नक्की. आधी मावशींना विचारते.

दुसऱ्या दिवशी

बी-२०४ (सकाळी ८:५२)
मावशींना विचारलं. चहा घेत त्यांनी वहीत स्वतः लिहून दिलं, गुजराती लिपीत, पूर्ण नाव आणि गावाचं नाव. म्हणाल्या, गाव लिही, पण पंपावरच्या बायकांची नावं लिहू नकोस, त्यांना विचारलेलं नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री दोन नावं घातली होती, आत्ता काढली.

बेन, फोटो तुम्हाला वेगळा पाठवलाय. इंग्रजीत स्पेलिंग कसं करायचं ते बघाल? त्या जसं म्हणतात तसंच यायला हवं.

बी-३०३ बेन (८:५९)
बघितलं. तू "राथवा" केलंस, ते "राठवा" आहे. टी च्या पुढे एच दोन्हीला येतो, म्हणून गडबड होते. शेजारी गुजराती लिपीतही ठेव, म्हणजे घोळ नको. गावाचं नाव बरोबर आहे.

बी-२०४ (९:०३)
ठेवलं. दोन्ही लिपींत, सगळ्यात वर.